हॅलो नव्हे, हेलो!

पुस्तकाच्या समासात पेन्सिलीनं शेरे मारायची मला फार जुनी खोड आहे. या खोडीपायी आमच्या वाचनालयाच्या ग्रंथपालबाईंनी एकदा चारचौघांत मला खोडरबर भेट दिला होता. पण जित्याची खोड ती! त्यातून बत्तीस वर्षं बँकेत गेलेली. समोर आलेल्या कागदाच्या कोपऱ्यात काहीतरी खरडल्याशिवाय तो पुढच्या टेबलावर सरकवायचा नाही, हे अंगात इतकं भिनलेलं, की आमच्या घरच्या 'श्यामची आई'च्या प्रतीवरसुद्धा शेवटच्या पानाखाली 'पाहिले' असं लिहून माझी सही आहे. तारखेसकट.

हे आठवायचं कारण म्हणजे गेल्या दिवाळीआधीची साफसफाई. दरवर्षी सौभाग्यवती खाली उभ्या राहून सूचना देतात आणि मी स्टुलावर उभा राहून त्या ऐकतो, याला आमच्या घरी माळा आवरणं म्हणतात. या वेळी चिरंजीवांची हॉस्टेलची ट्रंक निघाली. तिच्यात एक मोडका ड्राफ्टर, एकाच पायातले दोन बूट आणि तळाशी एक जाडजूड इंग्रजी पुस्तक. मुखपृष्ठावर हिरव्या चिलखतातला एक धिप्पाड गडी. चेहरा दिसत नाही, हातात बंदूक. नाव 'हेलो: द फॉल ऑफ रीच'. लेखक एरिक नायलंड. आत उघडून बघतो तर समासभर माझंच अक्षर!

मग आठवलं. साल २००५. चिरंजीव इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. सुटीत घरी आले ते हे पुस्तक नाकासमोर धरूनच. मी विचारलं, "काय वाचतोयस?" तो म्हणाला, "हेलो." मी म्हणालो, "हॅलो. पण वाचतोयस काय?" या प्रश्नोत्तरांची दोन आवर्तनं झाल्यावर त्यानं पुस्तकच माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाला, "बाबा, तुम्हीच वाचा."

मी वाचलं. डोंबिवलीहून सकाळची फास्ट पकडून व्हीटीला जाता-येता आठवडाभर वाचलं. नेहमीच्या डब्यातल्या मंडळींनी मुखपृष्ठ बघून "साहेब, रिटायरमेंटनंतर मिलिटरीत का?" असं विचारूनही वाचलं. आणि सवयीप्रमाणे शेरे मारून, निकाल देऊन पुस्तक परत केलं. निकाल अर्थातच प्रतिकूल होता. नारळीकरांच्या 'यक्षांची देणगी'वर पोसलेला वाचक मी. व्हिडिओ गेमवरून लिहिलेल्या कादंबरीला विज्ञानकथा म्हणणं म्हणजे सापशिडीच्या पटाला प्राणिशास्त्राचा ग्रंथ म्हणण्यासारखं आहे, असं काहीतरी मी त्या वेळी ऐकवलं होतं. चिरंजीव हसले होते. ते कशाला हसले, हे कळायला मला वीस वर्षं लागली.

पण तुम्हांला आधी हा खेळ काय आहे ते सांगायला हवं. मला कळलंय तेवढं सांगतो.

'हेलो' म्हणजे तेजोवलय. देवादिकांच्या तसबिरीत डोक्यामागे असतं ते. या खेळात ते अंतराळात तरंगणारं, दहा हजार किलोमीटर व्यासाचं एक कडं आहे. त्याच्या आतल्या अंगाला समुद्र आहेत, डोंगर आहेत, झाडी आहे. अमेरिकेत १५ नोव्हेंबर २००१ रोजी मायक्रोसॉफ्टनं एक्सबॉक्स नावाचं यंत्र बाजारात आणलं, त्याच दिवशी त्या यंत्रावरचा हा खेळ आला. तो केला बंजी नावाच्या कंपनीनं. २००३ साली तो साध्या कॉम्प्युटरवर आला आणि आमच्या चिरंजीवांच्या हॉस्टेलात पोचला. तिथे पोरांनी चार-पाच कॉम्प्युटर वायरीनं एकमेकांना जोडून परीक्षेच्या आदल्या रात्री विश्वाचं रक्षण केलं.

खेळाचा नायक म्हणजे मुखपृष्ठावरचा हिरवा गडी, 'मास्टर चीफ'. गंमत अशी, की खेळताना तो बहुतेक वेळ दिसतच नाही. तुम्ही त्याच्या हेल्मेटच्या आत असता. तुमच्या डोळ्यांपुढे फक्त बंदूक असते आणि पलीकडे शत्रू. त्याचा चेहरा खेळ दाखवत नाही. तो कोण, कुठला, आई काय करते, वडील कुठे नोकरीला, काही नाही. आपल्याकडे मुलगी दाखवायच्या कार्यक्रमातसुद्धा याहून जास्त चौकशी होते. खेळाला या माहितीची गरजच नसते. खेळणाऱ्याला मरणाची घाई असते.

कादंबरी या खेळाच्या आधीची गोष्ट सांगते, आणि प्रसिद्धही खेळाच्या पंधरवडाभर आधीच झाली. पूर्वी सिनेमाच्या थेटराबाहेर कथा आणि गाण्यांची पुस्तकं विकायला बसत, तसाच हा प्रकार. नायलंडसाहेब शिकले रसायनशास्त्र, आणि त्यांनी ही कादंबरी लिहिली सात आठवड्यांत. सात आठवडे ऐकून नाक मुरडू नका. आमच्या बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर पुस्तकं लिहिली, ती काय एकेकाला पाच-पाच वर्षं घेऊन? बाबूरावांचा 'झुंजार' आम्ही पांघरुणात बॅटरी लावून वाचलाय. घाईत लिहिलेलं सगळंच वाईट असतं, असं निदान माझ्या पिढीनं तरी म्हणू नये.

नायलंडसाहेबांची खरी अडचण वेगळी होती. गोष्ट जिथे संपवायची ते ठिकाण आधीच ठरलेलं. रीच नावाचा ग्रह पडणार, हे पुस्तकाच्या नावातच सांगितलेलं. नायकाचं जहाज त्यातून निसटून त्या कड्यापाशी पोचणार आणि तिथून पुढे खेळ सुरू होणार. पण 'पानिपत' हाती घेणारा कुठला मराठी वाचक शेवट काय होणार म्हणून वाचतो? शेवट ठाऊक असूनही वाचायला लावणं हीच अशा लेखकाची परीक्षा. म्हटलं, बघू या, साहेब या परीक्षेत कितपत उतरतात. स्टुलावरून उतरलो, चष्मा पुसला आणि माळा अर्धवट टाकून वाचायला बसलो. सौभाग्यवतींनी यावर जे भाष्य केलं ते समासातसुद्धा लिहिण्याजोगं नाही.

माझे काही जुने शेरे आजही कायम आहेत. एका पानावर मी लिहिलंय, 'बंदुकांची यादी की वाणसामानाची?' हे बरोबरच आहे. नायलंडसाहेबांना प्रत्येक हत्याराचं नाव, नंबर आणि गोळीचा आकार सांगितल्याशिवाय राहवत नाही. खेळणाऱ्या पोरांना ते गोड लागत असेल, मला दसऱ्याला शस्त्रपूजनाला बसल्यासारखं वाटतं. शेवटच्या पानावर लिहिलंय, 'शेवट नाही. पुढचं हवं असेल तर खेळ विकत घ्या. जाहिरात!' हेही कायम. पुस्तक त्या कड्याच्या दारात नेऊन सोडतं आणि दार उघडायची किल्ली दुकानात मिळेल म्हणतं.

काही शेरे मात्र मी खोडून टाकले. कीझ नावाचा एक कप्तान आहे. त्याच्या एकट्या लहानशा जहाजापुढे शत्रूची चार जहाजं येतात. हा पठ्ठ्या पळ न काढता त्यांच्याच अंगावर जातो, त्यांनी सोडलेलं धगधगतं अस्त्र आपल्या मागे लावून घेतो आणि वळसा मारून ते शत्रूच्याच जहाजावर आदळवतो. यापुढे मी 'अशक्य!' असं लिहिलं होतं. अशक्य कसलं? संध्याकाळी साडेसातला डोंबिवली स्टेशनबाहेर कुठलाही रिक्षावाला हे रोज करतो. आणि प्रसंग असा रंगलाय, की या वेळी माझा चहा गार झाला. २००५ साली मी तो का रंगू दिला नाही, देव जाणे. 'व्हिडिओ गेम' हा शब्द एकदा डोक्यात बसला, की माणूस चहा गार होऊ देत नाही.

पण हे लढाईचं झालं. पुस्तकाचा जीव आहे तो पहिल्या भागात. आणि माझे जे शेरे वाचून मला स्टुलावरून पडल्यासारखं झालं, तेही तिथलेच.

साल २५१७. डॉक्टर कॅथरीन हॅल्सी नावाची एक अतिहुशार बाई आणि तेव्हा साधा लेफ्टनंट असलेला तो कीझ, एका दूरच्या ग्रहावरच्या शाळेत येतात. मैदानात पोरं एका टेकाडावर चढून एकमेकांना खाली ढकलायचा खेळ खेळताहेत. माथ्यावर उभा आहे जॉन नावाचा सहा वर्षांचा मुलगा. बाई त्याला बाजूला घेतात. पर्समधून एक जुनं नाणं काढतात. मी ते उडवते, तू बाजू सांग, म्हणतात. नाणं उडतं. जॉन ते जमिनीवर पडूच देत नाही. हवेतल्या हवेत झेलतो आणि बाजू बरोबर सांगतो.

यापुढे माझा शेरा, 'फिल्मी.'

फिल्मी आहेच. पण पुढे काय होतं? बाईंच्या यादीत अशी दीडशे मुलं आहेत. पैसे मात्र पंचाहत्तरांपुरतेच. म्हणून पंचाहत्तर मुलं रातोरात घरांतून पळवली जातात आणि त्यांच्या जागी त्यांच्यासारखीच दिसणारी, प्रयोगशाळेत झटपट वाढवलेली मुलं ठेवली जातात. ती पुढे आजारी पडून मरणार हे ठरलेलंच. आईबापांनी आपलंच मूल गेलं म्हणून रडायचं आणि पुन्हा कामाला लागायचं. पळवलेल्या मुलांचे सैनिक करायचे. अशी ही योजना.

या पानावर समासात मी काय लिहावं? 'तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे का?'

पुढे ही सहा वर्षांची पोरं रीचवरच्या छावणीत येतात. मेंडेझ नावाचा कडक सुभेदार छापाचा माणूस त्यांना शिकवतो. पहिल्याच दिवशी शर्यत. तीन-तीन मुलांचे गट. उंच सांगाड्यावरून चढत, लोंबकळत जाऊन पलीकडची घंटा वाजवायची. जो गट शेवटी येईल त्याला रात्री जेवण नाही. जॉन आपल्या दोन जोडीदारांना मागे टाकून सुसाट जातो, घंटा वाजवतो आणि जिंकलो म्हणून उभा राहतो. त्याचा गट मात्र शेवटचा ठरतो. तुझा गट जिंकला नाही म्हणजे तूही जिंकला नाहीस, हे मेंडेझ त्याला समजावतो आणि सहा वर्षांचं पोर उपाशी झोपतं.

माझा शेरा, 'शिस्तीचा चांगला धडा.' खाली रेघ. दोन.

पुढे मुलं चौदा वर्षांची होतात. त्यांच्या हाडांवर, स्नायूंवर, डोळ्यांवर शस्त्रक्रिया होतात. पंचाहत्तरांतली तीस दगावतात, बारा कायमची अधू होतात, तेहतीस धडधाकट उरतात.

इथे मी मांडलंय, '३० + १२ + ३३ = ७५. बेरीज बरोबर.' आणि टिकमार्क.

त्या टिकमार्काकडे मी बराच वेळ बघत बसलो. बत्तीस वर्षांच्या नोकरीत माझी बेरीज कधी चुकली नाही, याचा मला अभिमान आहे. माझ्या निरोप समारंभात मॅनेजरसाहेबांनी त्याचा खास उल्लेखही केला होता. पण तीस मुलं मेलेल्या पानावर टिकमार्क करणारा माणूस मला नव्यानंच भेटत होता, आणि त्याचं अक्षर हुबेहूब माझ्यासारखं होतं.

आता या कादंबरीवरचा माझा मुख्य आक्षेप सांगतो. २००५ चा नव्हे, आत्ताचा. ही मुलं पळवली ती परग्रहावरच्या राक्षसांशी लढायला नव्हे. तेव्हा राक्षसांचा पत्ताच नव्हता. माणसांच्याच दूरच्या वसाहतींमध्ये बंडं होत होती आणि ती चिरडायला हे सैनिक हवे होते. म्हणजे आपल्याच माणसांची मुलं चोरून आपल्याच माणसांवर सोडायची. पण मुलं तयार होतात न होतात तोच, २५२५ साली, कव्हनंट नावाचे परग्रहवासी माणसांच्या एका ग्रहाची राखरांगोळी करतात. शत्रू इतका वेळेवर येतो, की आमची फास्ट लोकल कधी आली नाही. आणि तो आल्याबरोबर आधीचं पाप एकदम दूरदृष्टी ठरतं. बघा, म्हणून तर ही मुलं तयार केली होती! नाहीतर आज कोण वाचवणार होतं?

हॅल्सीबाईंना आपण काय केलं ते कळतं. त्यांना ते खातही असतं. पण लेखक त्यांना पश्चात्तापही ठेवू देतो आणि यशही. मुलांच्या घरी तो एकदाही जात नाही. त्या पंचाहत्तर घरांत काय झालं, याचा पत्ता नाही. खेळात चेहरा नसलेल्या माणसाला लेखकानं बालपण दिलं, हे त्याचं मोठं काम. पण दिल्याबरोबर घाईघाईनं पुन्हा हेल्मेट चढवलं, कारण जहाज कड्यापाशी वेळेवर पोचायला हवं होतं.

हे सगळं मी तावातावानं सौभाग्यवतींना ऐकवलं. त्या पणत्या धूत होत्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "त्या आयांना कळलं असणार."

"काय कळलं असणार?"

"की हे आपलं नाही. दिसायला कितीही सारखं असू दे. जेवायला बसलं की कळतं."

"पुस्तकात तसं काही नाही."

"मग लेखकाला कळलं नसेल," त्या म्हणाल्या आणि पुढची पणती घेतली.

नायलंडसाहेबांना जे सात आठवड्यांत जमलं नाही ते बाईंनी सात पणत्यांत सांगितलं. पुढे याच विश्वावर बेतलेला 'हेलो लेजंड्स' नावाचा एक कार्टूनपटांचा संग्रह २०१० साली आला. त्यातल्या एका गोष्टीत छावणीतून पळालेली मुलगी घरी येते आणि आपल्या जागी दुसरीच 'आपण' बसलेली बघते. म्हणजे हे दार उघडंच राहिलंय, हे त्या मंडळींच्याही ध्यानात आलं असावं.

माझा २००५ चा आणखी एक शेरा राहिला. पुस्तकाच्या पहिल्या कोऱ्या पानावर मी एकूण अभिप्राय लिहिला होता. 'लेखकाला भावना लिहिता येत नाहीत. नायक आईवडिलांची आठवणसुद्धा काढत नाही. अवास्तव.' आणि खरंच, सुरुवातीचे दिवस सोडले तर जॉन घरचा विषय जवळजवळ काढत नाही. तक्रार नाही. सॅम नावाचा त्याचा जिवलग मित्र पहिल्याच मोठ्या लढाईत शत्रूच्या जहाजावर अडकतो. त्याच्या चिलखताला भोक पडलेलं, पोकळीतून परत येणं शक्य नाही. तो तिथेच थांबून शत्रूला थोपवून धरतो आणि जहाजाबरोबर जातो. जॉन परततो. त्याला मेंडेझचा जुना धडा आठवतो, की सरदारानं माणसाचा जीव कारणी लावणं आणि वाया घालवणं यांतला फरक ओळखावा. सॅमचा जीव कारणी लागला, असा हिशेब तो मांडतो आणि पुढे चालू लागतो. एक टिपूस नाही.

हे अवास्तव?

आमचे चिरंजीव दहा वर्षांचे असताना आम्ही त्यांना निवासी शाळेत घातलं. शाळा चांगली होती. प्रवेशपरीक्षा कठीण होती, शेकडो मुलांतून निवडक घेत. नाव यादीत लागलं तेव्हा मी ब्रँचमध्ये सगळ्यांना चहा पाजला. पोचवायला गेलो तेव्हा फाटकापाशी इतर मुलं भोकाड पसरत होती. आमचे उभे होते ट्रंकेवर हात ठेवून. "पोरगा रडला नाही हो!" हे मी पुढे वर्षभर लोकांना सांगत होतो. दर आठवड्याला आंतरदेशीय पत्र यायचं. 'मी मजेत आहे. तुम्ही सर्व मजेत असाल. अभ्यास चालू आहे.' ती सगळी पत्रं सौभाग्यवतींनी बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवली आहेत. प्रत्येकाच्या कोपऱ्यात माझं अक्षर आहे. 'उत्तर दिले.' तारखेसकट. आणि पुढे त्याला इंजिनियरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा पेढे वाटताना मी काय म्हणालो असेन, ते तुम्ही ओळखलंच असेल. बघा, म्हणून तर घातला होता त्या शाळेत!

तुलना फार ताणतोय, हे मलाही कळतं. आम्ही त्याला पळवलं नव्हतं. फी भरली होती. सुट्यांत तो घरी यायचा, आणि त्याच्या जागी आम्ही दुसरा कुणी बसवला नव्हता. पण जॉन तक्रार करत नाही, तेव्हा लेखकाला लिहिता येत नाही असं मी ठरवून मोकळा झालो होतो. न रडणारं पोर माझ्या घरातच होतं, तरी पुस्तकातलं मला खोटं वाटलं. आज मला वाटतं, या धावपळीच्या कादंबरीत कुठे शंभर टक्के खरं लिहिलं गेलं असेल तर ते याच ठिकाणी. चांगलं शिकवलेलं पोर तक्रार करत नाही. म्हणून काही झालंच नव्हतं, असं होत नाही. नायलंडसाहेबांनी हे जाणून लिहिलं की घाईत हातून लिहून गेलं, याच्याशी वाचकाला कर्तव्य नाही.

रात्री न राहवून चिरंजीवांना फोन लावला. ते बंगलोरला असतात.

"तू ते पुस्तक मला का दिलं होतंस रे?"

"कुठलं?"

"हेलो."

"हॅलो, बाबा. आवाज येतोय. कुठलं पुस्तक?"

दोन आवर्तनं झाली. मग त्याला आठवलं. "अहो, तुम्हीच विचारलंत ना, काय वाचतोयस म्हणून. म्हणून दिलं."

"बस? एवढंच?"

"एवढंच. मी तर ते लढायांसाठी वाचलं होतं." मग जरा थांबून म्हणाला, "तुमचे शेरे मात्र लै भारी होते. हॉस्टेलवर सगळ्यांनी वाचले. ते 'शिस्तीचा चांगला धडा' वाचून आम्ही तिघं तर पोट धरधरून हसलो होतो."

"तिघं कोण?"

"मी आणि दोघं. आमच्या त्या शाळेतलेच होते." मग म्हणाला, "चला बाबा, ठेवतो, मीटिंग आहे."

रात्री साडेनऊला कसली मीटिंग असते, मला ठाऊक नाही. मी विचारलंही नाही.

आता समीक्षकाच्या भूमिकेतून निकाल द्यायला हवा, तो देऊन टाकतो. पुस्तक जरूर वाचा. २०१० साली काही दुरुस्त्या केलेली आवृत्ती निघाली आहे, ती मिळाली तर बरं. त्याच वर्षी आलेल्या 'हेलो: रीच' या खेळानं ग्रह पडण्याच्या तारखा पुढेमागे केल्या आणि भाविकांत वाद झाले. आपल्याकडे तिथी-तारखेवरून होतात तसेच. त्यात पडू नका. २०२२ साली एक मालिका आली. तिच्यात नायकानं हेल्मेट काढलं म्हणूनही बरेच लोक रागावले. त्या रागावलेल्यांची बाजू मला थोडी कळते. इतकी वर्षं त्या हेल्मेटाच्या आत ते स्वतः राहत होते. बंदुकांच्या याद्या खुशाल गाळा, लढाया चहा बाजूला ठेवून वाचा. आणि पहिला भाग घरात सहा वर्षांचं मूल असताना वाचा.

आमच्याकडे तसं मूल दिवाळीला आलं. नातू आत्ताच सहा पुरा झालाय. भाऊबिजेच्या दुपारी सगळी लवंडली होती आणि आम्ही दोघंच जागे होतो. मला काय बुद्धी झाली कोण जाणे. खिशातून पाच रुपयांचं नाणं काढलं आणि म्हटलं, "बघ हं. आजोबा हे वर उडवणार. तू सांगायचं, छापा की काटा."

"म्हणजे काय?"

मी समजावून सांगितलं. त्यानं मान डोलावली. मी नाणं उडवलं. तो बघत होता खिडकीबाहेर. समोरच्या गच्चीत कुणीतरी भुईनळा लावत होतं. नाणं त्याच्या खांद्यावर आपटलं, खाली पडलं, घरंगळत सोफ्याखाली गेलं.

"छापा की काटा?" मी विचारलं.

"आजोबा," तो म्हणाला, "चकली आहे का अजून?"

मी उठून डबाच आणला. ते नाणं अजून सोफ्याखाली आहे. मी काढलेलं नाही.